रोकड हे प्रमाण मानावे का?

धंदा कसा चालला आहे, या प्रश्नाला हिशेबाची पुस्तके दोन उत्तरे देतात. एक नफा-तोटा पत्रकात असते, दुसरे रोख प्रवाह पत्रकात. दोन्ही एकाच धंद्याविषयी, एकाच वर्षाविषयी आणि एकाच लेखापरीक्षकाच्या सहीखाली असतात, तरी ती क्वचितच जुळतात. दुसऱ्या पत्रकातून जो आकडा काढला जातो तो मुक्त रोख प्रवाह, म्हणजे धंद्याच्या नित्य व्यवहारातून हाती आलेल्या रोकडीतून यंत्रे, इमारती, वाहने यांवरचा भांडवली खर्च वजा जाता जे उरते ते. गुंतवणूकदारांचा एक मोठा वर्ग याच आकड्याला कामगिरीची खरी कसोटी मानतो. नफा हे मत आहे आणि रोकड ही वस्तुस्थिती आहे, असे या वर्तुळात सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे हिशेबनिसांच्या वादापुरते राहत नाही. खरे काय आहे आणि ते कोणत्या साधनाने कळते, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

नफ्याचा आकडा अनुमानांवर उभा असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. माल रवाना झाला की विक्री नोंदली जाते. पैसे तीन महिन्यांनी येतील, कदाचित येणारही नाहीत. यंत्र दहा वर्षे टिकेल असे धरून दर वर्षी त्याचा दहावा हिस्सा घसारा म्हणून खर्ची टाकला जातो. यंत्र सहाव्या वर्षी बंद पडू शकते. गोदामातल्या मालाची किंमत, बुडीत जाणारी येणी, कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद, सगळीकडे कोणी तरी काही तरी धरून चाललेले असते. यात लबाडी नाही. ही अनुमाने केलीच नाहीत तर ज्या वर्षी कारखाना उभारला त्या वर्षी प्रचंड तोटा आणि पुढची वीस वर्षे जणू फुकटची कमाई, असे विचित्र चित्र दिसेल. खर्च ज्या उत्पन्नासाठी झाला त्या उत्पन्नासमोर तो मांडायचा, एवढाच या पद्धतीचा हेतू आहे.

हाती आलेले आणि यायचे राहिलेले यांतला भेद भारतीय परंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, आय आणि व्यय यांचा हिशेब करून उरणाऱ्या शिल्लकेला नीवी म्हटले आहे, आणि तिचे प्राप्त व अनुवृत्त असे दोन प्रकार केले आहेत: प्रत्यक्ष मिळालेली आणि पुढे ओढली जाणारी. आधुनिक जगात मात्र हा भेद स्वतंत्र पत्रकात मांडायला फार वेळ लागला. लुका पाचोलीने दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसमध्ये १४९४ साली छापली. अमेरिकेत रोख प्रवाह पत्रक सक्तीचे करणारे मानक १९८७ साली आले. भारतात १९९७ मध्ये लेखामानक ३ नव्या रूपात आले आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने या पत्रकाला, काही छोट्या कंपन्या वगळता, वित्तीय विवरणांचा भाग केले.

मतभेद नेमका कुठे आहे, हे एका कल्पित वाहतूकदाराच्या हिशेबावरून स्पष्ट होते. ट्रकची किंमत ४० लाख रुपये, आयुष्य ८ वर्षे, शेवटी मोडीचे मूल्य शून्य. वर्षाला भाडे ३० लाख येते. डिझेल, टोल, चालक, विमा, टायर आणि दुरुस्ती यांवर २२ लाख जातात. प्राप्तिकर आणि कर्ज तूर्त बाजूला ठेवले, तर ५ लाखांचा घसारा धरून दर वर्षी ३ लाख नफा दिसतो. रोकडीचा हिशेब वेगळा आहे. पहिल्या वर्षी उणे ३२ लाख, त्यानंतर सात वर्षे अधिक ८ लाख. आठ वर्षांची बेरीज केली की नफा २४ लाख आणि मुक्त रोख प्रवाहही २४ लाख. धंद्याच्या संपूर्ण आयुष्याबद्दल दोन्ही पत्रकांचे एकमत आहे. त्यांचे भांडण चालते ते काळाबद्दल: जे घडले ते कोणत्या वर्षाच्या नावावर लिहायचे, एवढ्यापुरते.

आता हाच वाहतूकदार दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार आणि चौथ्या वर्षी आठ ट्रक चालवू लागला असे धरावे. नफा ३, ६, १२, २४ लाख असा दुपटीने वाढतो. चार वर्षांची बेरीज ४५ लाख. मुक्त रोख प्रवाह मात्र उणे ३२, उणे २४, उणे ४८, उणे ९६ लाख. बेरीज उणे २ कोटी. एक पत्रक भरभराट सांगते, दुसरे डबघाई. आणि तरीही धंदा चांगला की वाईट, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते पैशाच्या किमतीवर ठरते. आठ वर्षे दर वर्षअखेरीस मिळणाऱ्या ८ लाखांचे आजचे मूल्य ९ टक्के दराने सुमारे ४४.३ लाख होते, म्हणजे प्रत्येक ट्रक मालकाची संपत्ती वाढवतो. १२ टक्के दर धरला तर ते सुमारे ३९.७ लाखांवर येते, आणि ४० लाखांचा प्रत्येक नवा ट्रक दर वर्षी नफा दाखवत मालकाला थोडे थोडे गरीब करत जातो. वाढत्या नफ्याच्या आकड्यात हे कुठेही दिसत नाही.

भारतीय दर्शनांच्या भाषेत, हा वाद प्रमाणांचा आहे. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी प्रत्यक्ष तेवढे स्वीकारले. त्यांचे ग्रंथ लुप्त झाले, पण प्रतिपक्षांनी नोंदवलेला त्यांचा मुख्य आक्षेप स्पष्ट आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणायचे तर धूर आणि अग्नी यांचे साहचर्य सर्व काळी, सर्व स्थळी आहे हे आधी माहीत हवे, आणि ते तर कोणीच पाहिलेले नाही. रोकडवादी गुंतवणूकदार हिशेबाच्या क्षेत्रातला चार्वाक आहे. उधारीवर झालेली विक्री वसूल होईलच, यंत्र दहा वर्षे चालेलच, हे पाहिले कोणी, असे तो विचारतो. बँकेत जमा झाले ते झाले; बाकी सारे धूर पाहून केलेले तर्क.

या भूमिकेचे बळ कमी लेखू नये. २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने कबूल केले की इतर कंपन्यांची जाळी वापरण्यासाठी दिलेले सुमारे ३.८ अब्ज डॉलर चालू खर्चाऐवजी भांडवली खर्च म्हणून दाखवले गेले होते. हा गैरव्यवहार अंतर्गत लेखापरीक्षण करणाऱ्या सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. त्या एका फेरबदलाने नफा फुगला आणि नित्य व्यवहारातून मिळालेली रोकडही फुगलेली दिसली, कारण खर्च पत्रकाच्या एका भागातून उचलून दुसऱ्या भागात ठेवला होता. मुक्त रोख प्रवाह तेवढा जागेवरून हलला नाही. त्यात भांडवली खर्च वजा होतोच, त्यामुळे खर्चाला नाव कोणतेही दिले तरी गेलेला पैसा गेलेलाच राहतो. नाव बदलल्याने जे बदलत नाही तेच खरे, ही सत्याची जुनी कसोटी येथे अक्षरशः लागू पडते.

अ‍ॅमेझॉनचे आकडेही याच दिशेने बोलतात. २०२१ मध्ये कंपनीचा निव्वळ नफा ३३.४ अब्ज डॉलर होता, २०२२ मध्ये २.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. एका वर्षात एवढी उलथापालथ धंद्यात झाली नव्हती. कंपनीकडे रिव्हियन या विद्युत वाहने बनवणाऱ्या कंपनीचे समभाग होते. त्यांच्या बाजारभावाच्या चढउतारामुळे २०२१ च्या अखेरच्या तिमाहीत ११.८ अब्ज डॉलरचा करपूर्व लाभ आणि २०२२ मध्ये १२.७ अब्ज डॉलरची हानी नोंदली गेली. त्या चढउतारातला एकही डॉलर हाती आला नव्हता की हातचा गेला नव्हता. मुक्त रोख प्रवाह दोन्ही वर्षी उणे होता, अनुक्रमे ९.१ आणि ११.६ अब्ज डॉलर, कारण कंपनी गोदामे आणि संगणककेंद्रे यांवर प्रचंड पैसा ओतत होती. २०२३ मध्ये तोच अधिक ३६.८ अब्ज डॉलर झाला.

याच आकड्यांत चार्वाकमताची अडचणही आहे. २०२२ च्या अखेरीस उणे ११.६ अब्ज पाहून कोणी धंदा आजारी ठरवला असता, तर पुढच्याच वर्षाने त्याला खोटे पाडले असते. मोकळी रोकड तिथे चांगला धंदा, ही व्याप्ती, म्हणजे नित्य साहचर्याचे विधान, सदोष आहे. न्यायशास्त्रात असा दोष आणणाऱ्या दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले इंधनही लागते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. वेगाने वाढणारा उत्तम धंदा त्या गोळ्यासारखा आहे. त्याच्याकडे मोकळी रोकड नसते. उलट मरणासन्न धंद्यातून ती भरपूर सुटते: नवी यंत्रे घेणे थांबते, गोदामातला माल विकून संपवला जातो, जुनी येणी वसूल होतात, नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बंद होते. अशा धंद्याचा मुक्त रोख प्रवाह दोन-तीन वर्षे झळाळून उठतो.

म्हणून मग टिकाव धरण्यासाठी केलेला खर्च आणि वाढीसाठी केलेला खर्च वेगळे काढावेत, असे सुचवले जाते. वॉरन बफेट यांनी बर्कशायर हॅथवेच्या १९८६ च्या पत्रात मालकाची कमाई अशी संकल्पना मांडली, ती हीच. स्पर्धेतले स्थान आणि उत्पादनाचे प्रमाण टिकवायला जेवढा भांडवली खर्च लागतो तेवढाच वजा करायचा. पण तो खर्च किती, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, आणि तो अंदाजच असतो असे बफेट यांनी तिथेच स्पष्ट केले आहे. रोकडवादाच्या सर्वांत परिपक्व रूपातही अनुमान असे मधोमध येऊन बसते. नैयायिकांनी चार्वाकांना दिलेले उत्तर येथे तंतोतंत लागू होते: अनुमान प्रमाण नाही हे सिद्ध करायलाही अनुमानच करावे लागते. कंपनीचे मूल्य म्हणजे तिच्या भावी मुक्त रोख प्रवाहांचे आजचे मूल्य, असे रोकडवादी सांगतो. पण भावी रोकड कोणाला प्रत्यक्ष दिसली आहे?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. धंद्याच्या बाहेर बसलेल्या माणसाला रोकडही प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला दिसते ते रोकडीविषयीचे विधान. ते शब्दप्रमाण आहे, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला माहिती आहे आणि जो खरे सांगतो त्याचा. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कळवले की ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या शिलकेवर जमलेले म्हणून दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत परिचालन नफा ६४९ कोटी दाखवला होता, तो प्रत्यक्षात ६१ कोटी होता. बँकांची खोटी विवरणपत्रे आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या तयार झाल्या होत्या. नफा हे मत आणि रोकड ही वस्तुस्थिती, असे मानून ज्यांनी सत्यमची रोकड पाहिली, त्यांनी कागदच पाहिला होता. खोटा नफा टिकवायचा तर खोटी रोकड दाखवावी लागते, म्हणून शिलकेची पडताळणी थेट बँकेकडून करणे अपरिहार्य ठरते. प्रत्यक्षाच्या अगदी जवळ जाण्याचा तोच मार्ग आहे.

सगळी फसगत खोट्या कागदांनीच होते असे नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉनने बँकांकडून घेतलेली अब्जावधी डॉलरची कर्जे इंधनाच्या आगाऊ विक्रीच्या रूपात गुंफली आणि ती रक्कम नित्य व्यवहारातून आलेली दाखवली. पैसा खरोखरच आला होता; त्याचे स्वरूप खोटे होते. कायदेशीर वाटाही आहेत. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११६ नुसार दुकानांच्या वा विमानांच्या भाडेकराराची मुद्दल परतफेड वित्तपुरवठ्याच्या सदरात जाते. त्यामुळे भाडे तेवढेच भरले जात असतानाही सरधोपट पद्धतीने काढलेला मुक्त रोख प्रवाह एका रात्रीत वाढला. कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी समभाग दिले तर रोकड वाचते, पण मालकांचा हिस्सा पातळ होतो. मुक्त रोख प्रवाहाची व्याख्या कोणत्याही लेखामानकात नाही. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीची वापरू शकते. वस्तुस्थिती म्हणवणाऱ्या आकड्याच्या बाबतीत ही उणीव फार मोठी आहे.

चार्वाक परंपरेतच या कोंडीतून वाट काढणारा एक विचारवंत होऊन गेला. पुरंदर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आचार्याने, बौद्ध तत्त्वज्ञ कमलशीलाने दिलेल्या माहितीनुसार, लौकिक व्यवहारातले अनुमान मान्य केले आणि अनुभवाच्या पलीकडे झेप घेणारे तेवढे नाकारले. हिशेबाच्या बाबतीत ही भूमिका सर्वांत समंजस वाटते. नफा हे अनुमान आहे, पण ते अशा गोष्टीविषयीचे आहे जी पुढे कधी तरी रोकडीच्या रूपाने समोर यायलाच हवी. पाच-सात वर्षांचा एकूण नफा आणि एकूण रोकड शेजारी ठेवून पाहिली, आणि अंतर वाढीसाठी केलेल्या खऱ्या खर्चाने समजावता आले, तर अनुमान टिकले. अंतर वर्षानुवर्षे रुंदावत गेले, येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढली, तर धूर म्हणून जे दिसले ते धुके होते. मुक्त रोख प्रवाहाचे खरे काम हे पडताळणीचे आहे. एका वर्षाचा आकडा घेऊन त्यावर धंद्याचा निवाडा करणे, हे त्याच्याकडून न होणारे काम करवून घेणे आहे.

पडताळणीचे साधन उद्दिष्ट बनले की नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो ज्ञानाच्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाही. सौद्यात दोन्ही पक्षांना नफा होऊ शकतो, पण देणे थकवून राखलेली रोकड एकाच्या हाती असते तेव्हा ती दुसऱ्याच्या हाती नसते. मोठ्या कंपनीने लहान पुरवठादाराचे पैसे दोन महिने लांबवले की तिचा मुक्त रोख प्रवाह सुधारतो, आणि तो पुरवठादार पगार करायला सावकाराच्या दारात उभा राहतो. कंपनीच्या अहवालात हे कार्यक्षमता म्हणून मिरवते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली आणि उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरवले. तेवढ्याने भागले नाही म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये दुरुस्ती करून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे मुदतीबाहेर थकवलेले देणे प्रत्यक्ष भरेपर्यंत खर्च म्हणून वजावटीस अपात्र केले.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत हा ताण दर हंगामात दिसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत दर द्यायचा असतो, उशीर झाल्यास १५ टक्के व्याजासह. पण साखर विकली जाते वर्षभर. तोवर ती पोती गोदामात तारण राहतात आणि बँकेची उचल येते. कारखान्याच्या पत्रकात साठ्याचे मूल्य धरून नफा दिसतो, बिल थकल्यामुळे रोकडही बरी दिसते, आणि शेतकऱ्याच्या घरी पुढच्या लागवडीचे बियाणे उधारीवर येते. कारखाना सहकारी असेल तर हा शेतकरी त्याचा मालकही असतो. स्वतःचेच देणे थकवून वाढलेली शिल्लक कामगिरी म्हणायची का, याचे उत्तर कोणतेही लेखामानक देणार नाही.

शेवटी ही शिल्लक कोणाची, हा प्रश्न उरतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेन्सन यांनी १९८६ च्या प्रसिद्ध लेखात मुक्त रोख प्रवाहाची व्याख्या केली ती अशी: फायद्याच्या सर्व प्रकल्पांना पैसा पुरवून जे उरते ते. ते व्यवस्थापकांच्या हाती राहिले तर वाया जाते, म्हणून भागधारकांना परत करावे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्या काळच्या अमेरिकी तेलकंपन्यांचे उदाहरण त्यांनी दिले होते. गांधींच्या विश्वस्त कल्पनेचा आरंभही याच ठिकाणी होतो, पण तिचा रोख वेगळा आहे. मालकाने आपल्या न्याय्य गरजेपुरते घ्यावे आणि उरलेले समाजाच्या वतीने सांभाळावे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी हा विचार स्वतःच्या व्यापारात आणण्याचा प्रयत्न केला. दोन्ही मतांत उरलेले म्हणजे किती, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे लागते. २०१३ च्या कायद्यातील कलम १३५ ने सामाजिक दायित्वासाठी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के हे प्रमाण घातले, म्हणजे अनुमानाचा आधार घेतला. त्यामुळे विस्तार करणाऱ्या कंपनीला हा खर्च प्रसंगी कर्ज काढून करावा लागतो, आणि नफा नगण्य पण मालमत्ता विकून रोकड भरपूर सुटणाऱ्या कंपनीवर जवळजवळ काहीच बंधन येत नाही.

अशा सुटलेल्या रोकडीचा सर्वांत मोठा वाद मुंबईच्या गिरणगावात झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीला कापडापेक्षा अधिक मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकास होणाऱ्या गिरण्यांची जमीन ढोबळमानाने तीन भागांत वाटली: महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, म्हाडाच्या घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली, त्यामुळे सार्वजनिक वाटा फार घटला; २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.